शेंगा, भाकरी आणि काळी

गोजरबाईच्या हाताला जनावर वश होतं असं सांगोल्याकडच्या तिच्या गावात सगळेच म्हणत, आणि सगळ्यांत जास्त वेळा ती स्वतः म्हणत असे. बुजरी शेळी असो, आईनं टाकलेलं कोकरू असो, नाहीतर धार काढताना लाथा झाडणारी म्हैस असो, गोजरबाई जवळ जाऊन 'काय झालं गं बया तुला' म्हणाली की जनावर कान टवकारून उभं राही. माणसांवर मात्र ही विद्या कधी चालली नाही. माणसांशी तिचं दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच वाजायचं. नवरा कोंडीबा तेवढा तिला पुरून उरला, कारण तो बोलतच नसे.

कोंडीबा गेला, मेंढरं विकली आणि दोघा पोरांनी आईची पाळी लावली. अक्षय्यतृतीया झाली की धाकट्या अभिमन्यूकडं सोलापुरात, दिवाळी झाली की थोरल्याकडं अकलूजला. तिला विचारलं नाही असं नाही. 'आई, चालंल न्हवं?' असं थोरल्यानं विचारलं होतं, आणि ती उत्तर द्यायच्या आत तिची पिशवी गाडीत ठेवली होती. थोरला अकलूजच्या एका डेअरीत कामाला. गोजरबाई शेजारणींना सांगायची, "मी म्हंजी दुधाची किटली की गं. सकाळी हिकडं, सांच्याला तिकडं. रिकामी झाली तरी फिरतीच."

हसत सांगायची, पण ती हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. ज्या बाईनं चाळीस वर्षं स्वतःच्या चुलीपुढं बसून दुसऱ्याला वाढलं, तिला आता पाणी पिताना कुठला पेला घेऊ म्हणून विचारावं लागत होतं. अकलूजची सून वाईट नव्हती. वेळेवर ताट आणून बाहेरच्या खोलीत ठेवायची आणि दार ओढून घ्यायची. तक्रार करायला काही नव्हतं आणि सांगायलाही काही नव्हतं.

अभिमन्यूचा सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. तो चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर, बायको अंकिता एका कॉलेजच्या ऑफिसात. लग्नाला सात वर्षं झालेली, मूल नव्हतं. हॉलमध्ये टीव्हीशेजारी एक मोठा पिंजरा होता आणि त्यात दोन ससे. तपकिरी नर, पिल्लं नकोत म्हणून ऑपरेशन करून घेतलेला, त्याचं नाव शेंगा. पांढरी मादी, तिचं नाव भाकरी. नावं अभिमन्यूनं ठेवलेली. सोलापूरच्या माणसाला शेंगाची चटणी आणि भाकरी वेगळी करता येत नाही, तसे हे दोघे, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. आणि ते खरंच होतं. घासाची काडी दोघं दोन टोकांनी खात खात मध्ये यायचे. भाकरी डोकं खाली घालून बसली की शेंगा तिचं कपाळ चाटत राहायचा, डोळे मिटून, तासन्‌तास. अंकिता कामावरून आली की पर्ससुद्धा न ठेवता आधी त्यांच्यापुढं बसायची.

गोजरबाई पहिल्या पाळीला आली तेव्हा तिनं हे सगळं बघितलं आणि ज्या सुरात पाऊस झाला का विचारावं त्या सुरात विचारलं, "मूल न्हाय म्हणून पाळलं व्हय ह्यास्नी?"

अंकिता उठून आत गेली. त्या पाळीचे सहा महिने 'आत्या, वाढलंय' या दोन शब्दांपलीकडं ती सासूशी काही बोलली नाही. आपण काय बोलून बसलो हे गोजरबाईला आठवडाभरानं कळलं, पण बोललेलं परत गिळता येत नाही आणि माफी मागायची सवय तिच्या जिभेला नव्हती. ती गप्पच दिवाळीची वाट बघत राहिली.

दुसऱ्या वर्षी मात्र घडी बदलली. मे महिन्यात सोलापूरचं ऊन काय असतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. दुपारी लाइट गेली, घरात गोजरबाई एकटी. पिंजऱ्यात भाकरी कुशीवर पडलेली, तोंड उघडं, कान भट्टीतल्या लोखंडासारखे तापलेले. गोजरबाईनं दोघांना उचलून मोरीच्या गार फरशीवर ठेवलं, पिंजऱ्यावर ओलं गोणपाट टाकलं, पदर भिजवून भाकरीचे कान पुसत बसली. एकीकडं तिच्याशी बोलत होती, "उठ गं बाई, न्हायतर तुजी मालकीण मला जेवायला घालायची न्हाय."

अंकिता आली तेव्हा भाकरी घास खात होती. सासूचं लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं. काय झालं ते कळल्यावर अंकिता तिथंच ओल्या फरशीवर बसली आणि रडली. "आत्या, तुम्ही नसता तर गेली असती ओ ती." त्या संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात एकमेकींसमोर बसून जेवल्या. दुसऱ्या दिवसापासून सशांचं खाणंपिणं गोजरबाईकडं आलं. मग हळूहळू बाकीचंही आलं. दुधाचं पातेलं गोजरबाई कुणाला न विचारता उतरायला लागली, कपाटातला एक कप्पा तिचा झाला, अंकिता ऑफिसातल्या बायकांच्या भानगडी तिला रंगवून सांगायला लागली.

आणि तिसऱ्या पाळीत, गणपती झाल्यावर एका रात्री जेवताना अभिमन्यू म्हणाला, "आई, औंदा दिवाळीला अकलूजला जायाचं न्हाय. हितंच राहा."

"म्हंजी पाळी?"

"पाळी-बिळी बंद. अंकिताच म्हणतीया."

अंकिता भाजी वाढता वाढता म्हणाली, "तुम्हाला करमत असेल तर, आत्या. सारखी पिशवी भरायची आणि सोडायची, बरं नाही वाटत ते."

गोजरबाई म्हणाली, "बगू की." मग उठून मोरीत गेली, नळ सोडला आणि बराच वेळ तोंड धूत राहिली. तिला या वयात दुसरं काही नको होतं. एक घर हवं होतं जिथून कुणी हलवणार नाही. थोरल्याला रीतसर सांगायचं ठरलं. तो दसऱ्याआधीच्या रविवारी बायकोला घेऊन येणार होता, तेव्हा सगळ्यांनी बसून पक्कं करायचं.

काळी आली ती याच सुमाराला. अंकिताच्या ऑफिसातल्या एकीची बदली झाली, तिच्या घरची सशाची मादी कुणी घेईना. 'नाहीतर माळावर सोडून देणार' असं ती म्हणाली आणि अंकिता त्याच संध्याकाळी पुठ्ठ्याचं खोकं घेऊन घरी आली. कोळशासारखी काळी मादी, आकारानं शेंगाएवढी. तिला नाव ठेवलं नव्हतं, म्हणून गोजरबाई तिला काळीच म्हणू लागली.

अंकितानं दुसरा पिंजरा आणला आणि जुन्या पिंजऱ्यापासून हातभर अंतरावर मांडला. सासूला समोर बसवून समजावलं, "आत्या, ह्यात घाई अजिबात करायची नाही. जुळलेल्या जोडीत तिसरं घालणं लई अवघड असतं. आधी नुसतं एकमेकांना बघू द्यायचं. मग हिच्या खालचं कापड त्यांच्याकडं आणि त्यांच्या खालचं हिच्याकडं ठेवायचं, म्हणजे वासाची ओळख होते. मग काही आठवड्यांनी गच्चीवर न्यायचं, जिथं तिघांपैकी कुणीच राहिलेलं नाही. तेही थोडा वेळ, आपण जवळ बसून."

"कांदेपोह्याचा कार्यक्रमच म्हण की," गोजरबाई म्हणाली. "पत्रिका कवा बगायची?"

अंकिता हसली, पण लगेच गंभीर झाली. "चेष्टा नाही ओ. एकदा भांडण झालं की आयुष्यभर डूख धरतात. आणि नव्याचा राग कधीकधी जुन्यावरच निघतो."

गोजरबाईला हे सगळं पुस्तकी वाटलं. तिनं तिची रीत सांगितली. बाजारातून नवी मेंढी आणली की जुनी तिला टकरा देतात, हे नेहमीचंच. मग कोंडीबा काय करायचा? सगळ्यांच्या तोंडाला आणि पाठीला देवाचा भंडारा, म्हणजे हळद, चोळायचा. सगळ्यांना एकच वास. मग नव्याजुन्या सगळ्यांना लहानशा वाड्यात दाटीवाटीनं कोंडायचा. "हलायला जागाच न्हाय तर भांडत्याल कशी? पयल्यांदा धडाधड करत्यात, मग गप हुत्यात. गप झाली म्हंजी जुळली. मग कोण नवी आन् कोण जुनी, आपल्यालाबी वळकंना."

"आत्या, ससा म्हणजे मेंढरू नाही."

"जनावर त्ये जनावर गं," गोजरबाई म्हणाली, आणि विषय तिथंच राहिला.

पण दिवस जाऊ लागले तसं घरातलं वातावरण बिघडू लागलं. भाकरी काळीकडं तोंड करून जाळीवर धडका मारायची. काळी पाय आपटायची, तो आवाज खालच्या मजल्यापर्यंत जायचा. दोन पिंजऱ्यांनी हॉल अडला, सगळीकडं मुताचा वास. अभिमन्यू उशिराची शिफ्ट करून मध्यरात्री यायचा आणि अंधारात पिंजऱ्याला अडखळायचा. एके दिवशी त्याचा तोल सुटला.

"रविवारी दादा-वहिनी येणार हायत. त्यांनी बसायचं कुठं? पिंजऱ्यावर?"

"काही दिवसांचा प्रश्न आहे."

"काही दिवस, काही दिवस. घर हाय का सर्कस?"

त्यावर अंकिताच्या तोंडून गेलं, "आत्यांना कायमचं ठेवायचं ठरलं तेव्हा मी बोलले का जागेचं?"

ती वाईट हेतूनं बोलली नव्हती, बोलल्यावर जीभही चावली असेल. पण स्वयंपाकघरात गोजरबाईच्या हातातली थापलेली भाकरी तव्यावर पडायच्या ऐवजी ओट्यावर पडली. रविवार तोंडावर, आणि ज्या दोघांच्या भरवशावर तिचं राहणं पक्कं व्हायचं तेच दोघं एकमेकांवर गुरगुरायला लागलेले. भांडणाचं मूळ काय, तर तो पिंजरा. तो हलला की घर मोकळं, दोघं खूश, आणि अंकिता म्हणेल, आत्यांनी केलं. गोजरबाईला आपल्या हातांवर देवाएवढा भरवसा होता. घात झाला तो त्या भरवशानंच.

शुक्रवारी दोघं कामावर गेले. त्या दिवशी पहाटे नळाला पाणी येऊन गेलेलं, बाथरूममधला निळा ड्रम काठोकाठ भरलेला. उरलेली जागा दोन माणसांना धड उभं राहता येणार नाही एवढी. गोजरबाईला कोंडीबाचा वाडा आठवला. तिनं देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची डबी घेतली, बिरोबाचं नाव घेतलं आणि तिघांच्या कपाळाला, कानामागं, पाठीवर हळद चोळली. भाकरी पांढरी, ती नवरीसारखी पिवळी झाली. काळीच्या अंगावर हळद दिसेना म्हणून तिला जास्त लावली. तिघांना एकेक करून आत सोडलं, दिवा घालवला आणि दार ओढून कडी लावली.

लगेच धडाधड सुरू झाली. ड्रमवर काहीतरी आपटलं. फरशीवर नखांची खरवड. गोजरबाई दाराला पाठ लावून बसली आणि आतल्यांना सांगत राहिली, "हुतंय, हुतंय. गप व्हाल आता. सगळी असंच करत्यात." मग एक आवाज आला, बारीक, लांबट, लहान पोर किंचाळावं तसा. सशाला आवाज असतो हे तिला माहीतच नव्हतं. तीन वर्षांत तिनं एकदाही ऐकला नव्हता. तिचा हात कडीकडं गेला. पण मेंढरांच्या वाड्यातही सुरुवातीला ओरड होतेच, आणि मधेच दार उघडलं की केलेलं सगळं फुकट जातं, हे ती कोंडीबाकडं बघून शिकली होती. तिनं हात मागं घेतला.

थोड्या वेळानं आत शांत झालं.

गोजरबाईनं सुटकेचा श्वास सोडला. गप झाली, म्हणजे जुळली. आता त्यांना तसंच राहू द्यावं म्हणून ती उठली, पीठ मळलं, भाकऱ्या थापल्या, अंकिताला आवडते म्हणून शेंगांचं कूट घालून दोडक्याची भाजी केली. काम करता करता जुनं गाणंही गुणगुणली. संध्याकाळी अंकिता दार उघडेल, हॉल मोकळा दिसेल, एकाच पिंजऱ्यात तिघं बसलेले दिसतील आणि ती काय म्हणेल, हे तिनं मनात इतक्या वेळा बघून घेतलं की ते घडूनच गेलंय असं वाटायला लागलं. तेवढा सगळा वेळ ते दार बंद होतं.

सगळं आवरून तिनं कडी काढली आणि दिवा लावला.

काळी ड्रममागच्या फटीत अंग चोरून बसली होती. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. शेंगा दाराजवळ, एक कान अर्धा फाटलेला, श्वास भात्यासारखा चाललेला. भाकरी मधोमध पडली होती. हळद आणि रक्त एकत्र होऊन तिचं अंग कसल्यातरी भलत्याच रंगाचं झालेलं. ती पुढच्या दोन पायांनी पुढं सरकायला बघत होती आणि मागचे पाय ओल्या फडक्यासारखे तिच्यामागं ओढले जात होते. गोजरबाई तिच्याजवळ बसली. मग तिला दिसलं की शेंगाच्या तोंडाला केस चिकटले आहेत, ओठांना, मिशांना. ते पांढरे होते.

अंधारात, निसरड्या फरशीवर, अंगाला भलताच वास आलेला. शेंगाला भाकरी ओळखू आली नाही आणि भाकरीला शेंगा. ज्या वासावर ते दोघं एकमेकांना कुशीत घेत होते तोच गोजरबाईनं देवाचं नाव घेऊन पुसून टाकला होता. काळीला कुणी हातच लावला नव्हता.

"काय झालं गं बया तुला," ती भाकरीला म्हणाली. भाकरीनं तिच्या हाताला चावा घेतला.

तिनं अंकिताला फोन केला आणि एवढंच म्हणाली, "तू ये." अंकिता आली, तिनं बाथरूममध्ये बघितलं, सासूच्या पिवळ्या हातांकडं बघितलं. काही विचारायची गरज तिला पडली नाही. तिनं ओढणीत भाकरीला गुंडाळलं आणि रिक्षा करून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. गोजरबाई न विचारता मागून रिक्षात चढली. वाटेत अंकिता भाकरीच्या कपाळावरची हळद बोटानं पुसत होती. ती निघत नव्हती.

डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की पाठीचा कणा मोडलाय. सशाचा मोडतो, जोरात लाथ झाडताना पाय निसटला की स्वतःच्याच ताकदीनं मोडतो. इंजेक्शन देऊन झोपवणं एवढंच करता येईल. अंकितानं मान हलवली. भाकरी तिच्या मांडीवरच गेली. गोजरबाई दाराजवळच्या बाकावर बसून होती. कुणीतरी येऊन आपल्या थोबाडीत मारावी असं तिला वाटत होतं. पण तिथं प्रत्येकाला आपापल्या जनावराची पडलेली होती.

अंकिता ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. रात्री अभिमन्यूनं इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये खड्डा केला, ती बाजूला उभी राहिली, वर येऊन अंघोळ करून झोपली. दुसऱ्या दिवशी तिनं दोन पिंजरे दोन खोल्यांत नेले. शेंगा हॉलमध्ये एकटा. तो खात नव्हता, जाळीचा एकच गज दातांनी कुरतडत बसायचा. अंकिता त्याला घास टाकायची आणि उठून जायची. त्याच्या कपाळावर हात ठेवायला तिचा हात धजत नव्हता. त्याचं तोंड तिनंच पुसलं होतं, आणि काय पुसलं हे तिनं बघितलं होतं.

गोजरबाई बाथरूम घासत राहिली. फरशी निघाली, फटींमधली हळद निघेना. अंकिता पाणी घ्यायला आली तेव्हा गोजरबाई गुडघ्यांवर बसूनच म्हणाली, "येकदा तरी बोल गं मला. शिव्या दे. म्हातारीनं घात केला म्हण."

"बोलून काय होणार, आत्या."

"मी तुज्यासाटीच केलं गं."

"माहीत आहे मला," अंकिता म्हणाली. "म्हणून तर बोलताही येत नाही." ती बादली भरून निघून गेली.

रात्री भिंतीपलीकडून नवराबायकोचे आवाज आले. अभिमन्यू म्हणत होता, आईनं काय मुद्दाम केलं का, एका सशापायी तू घरात तोंड शिवून बसणार का. अंकिता म्हणत होती, एक ससा नव्हता तो. मग तो काहीतरी बोलला, मुलाबद्दल, नीट ऐकू आलं नाही. त्यानंतर एक दार आपटलं आणि अभिमन्यू उशी घेऊन हॉलमध्ये शेंगाच्या पिंजऱ्याशेजारी येऊन पडला. गोजरबाई अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडली होती. पहिल्या पाळीला जो प्रश्न तिनं सहज विचारला होता, तोच आता पोराच्या तोंडून निघाला होता, आणि कुणामुळं निघाला हे तिला कुणी सांगायला नको होतं.

रविवारी थोरला आणि त्याची बायको आले. अकलूजहून डेअरीचं श्रीखंड आणलेलं. चहा झाला, पावसाचं, ऊसबिलाचं बोलणं झालं. पिंजऱ्यात एकटा शेंगा बघून थोरल्याच्या बायकोनं विचारलं, "दोन ससे होते ना ओ?" अभिमन्यूनं बिस्किटांची बशी तिच्यापुढं सरकवली.

मग थोरला मांडीवर हात ठेवून म्हणाला, "तर मग आईचं काय ठरलं?"

"ठरलंय की," अभिमन्यू म्हणाला. "आई हितंच राहणार. पाळी बंद."

थोरल्याच्या बायकोचा चेहरा उजळला, तिनं तो लगेच सावरला. थोरला म्हणाला, "अंकिताचं काय म्हणणं हाय? घरात वागवायचं तिला हाय."

अंकिता खाली बघत होती. अभिमन्यू तिच्याकडं बघत होता. अंकिता म्हणाली, "मला नाही जमणार. त्यांनी वाईट केलं असं मी म्हणत नाही. पण मी ऑफिसात बसले की मला सारखं वाटतं, घरी आता काय चाललं असेल. हे मला आयुष्यभर नाही जमणार."

"आधी तूच म्हणलीस ना?" अभिमन्यूचा आवाज चढला. "तूच म्हणलीस, पाळी बंद करू म्हणून. आता दादासमोर मला खोटं पाडतीस? येका जनावरापायी माझ्या आईला बाहेर काढतीस? तुला काय कळणार गं आई म्हंजी काय ती..."

अंकितानं डोकं वर केलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अगदी जवळचं माणूस अनोळखी दिसावं, तशी ती नवऱ्याकडं बघत होती. अभिमन्यूच्या ओठांवर अजून पुढचे शब्द होते.

गोजरबाई उठली.

"गप रं," ती पोराला म्हणाली. "जिभेला काय हाडबीड हाय का न्हाय तुज्या? तिला कशाला बोलतूस? मला कुटं राहायचंय हितं."

"आई, तू मधी पडू नको."

"का पडू नको? मला कुणी इचारलं का? तीन वर्सं झाली, हितं माजा जीव रमत न्हाय. ना अंगण, ना ओटा. पाणी आलं तर आलं. तिसऱ्या मजल्यावर चढून गुडगं गेलं माजं. सुनंच्या भिडंखातर बोलले न्हाय म्हणून तुमी माजं राहायचंच ठरवून बसला व्हय?" मग थोरल्याकडं वळून ती म्हणाली, "दिवाळीची वाट बगत न्हाय मी. आजच येती तुज्यासंगं. पिशवी भराया येळ लागत न्हाय मला."

थोरल्याची बायको चहाचे कप गोळा करायला लागली. अभिमन्यू मागं टेकला. त्याचा चेहरा ओढलेला होता, पण खांदे सैल झाले होते, हे गोजरबाईनं बघितलं. आईला ते दिसतंच.

आपल्या कप्प्यातली चार लुगडी पिशवीत घालताना तिच्या कानाला एकच आस लागून होती. स्वयंपाकघरात अंकिता उभी होती. घरात कोण कुठं रमतं हे त्या पोरीइतकं कुणाला माहीत नव्हतं. गेल्या गणपतीत दोघींनी मिळून मोदक केले होते, आणि 'माज्या घरात इतकी हसली न्हवती मी' असं गोजरबाई तिलाच म्हणाली होती. अंकितानं नुसतं एवढं म्हणायला हवं होतं, आत्या, खोटं बोलू नका. त्यावर गोजरबाई थांबली नसतीच. तिला थांबायचं नव्हतं. नुसतं ऐकायचं होतं.

अंकिता दारात आली. तिचे डोळे लाल होते. तिनं सासूच्या हातातली पिशवी घेतली, आत एक डबा ठेवला आणि पिशवीचा बंद घट्ट बांधला.

"वाटेत खा," ती म्हणाली. मग खाली वाकून पाया पडली आणि बाजूला झाली.